तिसऱ्यांदा गॅस भरायला बोलावलं, मामांनी भरला नाही

सासूबाईंच्या खोलीतला एसी कन्ना चौकाकडच्या कूलरवाल्या मामांनी दुरुस्त केला त्याला या मेमध्ये वर्ष होईल. दुरुस्ती झाली त्याच आठवड्यात त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत असं मनात होतं, पण हात धजला नाही. आधी दोन वेळा तसं खूश होऊन फसले होते. आता मधे पावसाळा गेला, जानेवारीतल्या गड्डा जत्रेची थंडी गेली, एप्रिलचं ऊन परत डोक्यावर आलं आणि एसी तस्साच गार करतोय. म्हणून आज लिहायला बसले.

आमचं घर नीलम नगरच्या अंगाला. खाली दोन खोल्या, वर स्लॅबखाली एक मोठी खोली. वर माझं शिलाईकाम चालतं, शाळेच्या गणवेशाचं जॉबवर्क. चार शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक (कापडाच्या कडा कापून शिवणारं मशीन), एक इस्त्रीचं टेबल, आणि माझ्यासकट चार बायका. सोलापुरात गणवेशाचा धंदा केवढा आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण शाळा उघडतात जूनमध्ये, म्हणजे आमचा माल निघायला लागतो एप्रिल-मेमध्ये. पारा ४३-४४ ला टेकतो त्याच दिवसांत आम्हाला रोज दहा-बारा तास मशीनवर बसावं लागतं. खाली सासूबाई. जन्मभर विड्या वळल्या, आता अर्धांगानं तीन वर्षं पलंगावर आहेत. कूस बदलायलाही माणूस लागतं. उन्हाळ्यात त्यांच्या पाठीला घामोळं आलं की त्याची जखम व्हायला वेळ लागत नाही. एसी त्यांच्यासाठी आहे.

हा एसी २०१९ सालचा. दीड टनी, इन्व्हर्टर, आर-३२ गॅसचा. २०२३ च्या एप्रिलमध्ये गार करेनासा झाला. फोन करून एक सर्व्हिसवाले बोलावले. मुलगा आला, बाहेरच्या युनिटला मीटर लावला, "गॅस संपलाय" म्हणाला, सिलिंडर जोडला, वीस मिनिटांत गॅस भरला आणि २,५०० रुपये घेऊन गेला. २०२४ च्या मार्चमध्ये परत तेच. तेच सर्व्हिसवाले, दुसरा मुलगा, तेच उत्तर, या वेळी २,८०० रुपये. "दरवर्षी भरावाच लागतो ताई, सोलापूरचं ऊनच तसं आहे," असं त्यानं सांगितलं आणि मला ते पटलं. आपल्याकडं कशाचंही खापर उन्हावर फोडलं की पटतंच.

२०२५ च्या मेमध्ये, ऐन हंगामात, एसी तिसऱ्यांदा बसला. आमच्यातल्या एका बाईनं सांगितलं, "अक्का, कन्ना चौकाकडं एक मामा आहेत, आमच्या मालकाच्या ऑफिसचं तेच बघतात." गेले. एका बोळात शटरचं छोटं दुकान, बाहेर उघडी पडलेली आउटडोअर युनिटं, कूलरच्या मोटारी, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी. पाटी नाही. साठीचे गृहस्थ चष्मा कपाळावर ढकलून मोटारीचं वाइंडिंग करत होते. मी म्हटलं, "मामा, गॅस भरायचाय."

त्यांनी मान वर न करताच विचारलं, "मागं कधी भरला हुता?"

"गेल्या साली. त्याच्या आदल्या सालीपण."

तेव्हा त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. "काय ओ ताई, गॅस काय पेट्रोल हाय व्हय, जळून जायला? गेला म्हंजी कुठनं तरी गेला. ते भोक बुजवल्याबिगर मी भरत नसतोय."

हे मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एसीतला गॅस बंद नळीत फिरत राहतो. आतल्या युनिटमध्ये खोलीची उष्णता घ्यायची, बाहेरच्या युनिटमध्ये सोडायची, परत आत यायचं. तो खर्च होत नाही, नळी धड असेल तर दहा वर्षंही तेवढाच राहतो. कमी झाला याचा अर्थ गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात ओतलेलं पाणी.

नंबर लागायला मात्र पाच दिवस गेले. मेमध्ये मामांकडं रांग असते आणि कुणाला पुढं घेत नाहीत. मी सासूबाईंचं सांगितलं, तरी म्हणाले, "तुमच्या आधी एक बाळंतीण हाय." ते पाच दिवस आम्ही ओल्या चादरी खिडकीला टांगून काढले. तेव्हा राग आला होता, आज नाही.

आता काम कसं केलं ते नीट सांगते, कारण एसी दुरुस्त करून घेणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा डोळ्यांनी बघायला हवं.

संध्याकाळी पाचला मामा आले, बरोबर एक पोरगा. पहिलं काम, आउटडोअर युनिटच्या बाजूची पाटी वाचून वहीत उतरवली: कुठला गॅस, किती ग्रॅम. मग उरलासुरला गॅस छोट्या यंत्रानं आपल्या रिकाम्या सिलिंडरमध्ये ओढून घेतला, हवेत सोडला नाही. मग नायट्रोजनचा सिलिंडर लावला आणि नळ्यांमध्ये ३५० पर्यंत दाब चढवला. काटा मला दाखवला. पोरानं बादलीत साबणाचा फेस केला आणि ब्रशनं एकेका जोडावर लावत गेला. बाहेरच्या दोन्ही जोडांवर काही नाही. आत सासूबाईंच्या पलंगाच्या डोक्याशी, भिंतीलगत, पट्टीत गुंडाळलेला जोड मामांनी सोडवला आणि त्यावर फेस लावला. मला म्हणाले, "या हिकडं. बगा."

आधी काहीच दिसेना. मग नटाच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला. फुगला, फुटला. परत त्याच जागी दुसरा. मिनिटाला चार-पाच, अगदी संथ. सासूबाईंचा चांगला हात धरून मी त्यांनाही मान वळवून दाखवलं. दोन वर्षांत ५,३०० रुपये त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यातून गेले होते.

नट खोलल्यावर कारण निघालं. तांब्याच्या नळीचं तोंड कर्ण्यासारखं पसरवून नटानं दाबून बसवतात, त्याला फ्लेअर म्हणतात. आमच्या नळीचा फ्लेअर एका बाजूनं केसाएवढा चिरला होता. एसी पहिल्यांदा बसवताना नट गरजेपेक्षा जास्त आवळला, त्यात नळी भिंतीतून जराशी ताणून काढलेली. मामांनी चिरलेलं टोक कापून टाकलं, आतली कड घासून गुळगुळीत केली, नवा फ्लेअर पाडला, त्यावर तेलाचा थेंब लावला आणि दोन पाने धरून आवळलं. जोर करून नव्हे, हलक्या हातानं, शेवटी फक्त मनगटाचा एक हिसका. मी शिलाईवाली आहे, हाताचं काम मला कळतं. काजं करताना आमचा हात जसा चालतो तसाच त्यांचा चालत होता.

परत ३५० दाब चढवला आणि सांगितलं, "आज गॅस नाही. रातभर असंच ठिवायचं." मला घाई होती, पण ऐकलं. सकाळी साडेआठला बघितलं तर काटा ३४० वर. माझ्या पोटात गोळाच आला. मामांना फोन लावला, उचलला नाही. अकराला ते स्वतःच आले, काट्याकडं बघितलं, आता तो परत ३५० च्या जवळ. म्हणाले, रात्री हवा गार झाली की नळीतला दाब उतरतो, ऊन तापलं की चढतो, गळती असती तर परत इथवर चढला नसता. एवढं सकाळी फोन उचलून सांगितलं असतं तर माझे अडीच तास बरे गेले असते.

मग व्हॅक्यूम पंप लावला, चांगला अर्धा तास. नळीत शिरलेली हवा आणि दमटपणा ओढून काढायला तो लागतो. ओल आत राहिली तर तेल खराब होतं आणि शेवटी कॉम्प्रेसरवर येतं. आधीच्या दोन मुलांनी हा पंप आणलाच नव्हता. त्यानंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवला आणि पाटीवर लिहिलेले ८०० ग्रॅम मोजून सोडले. आर-३२ हलकासा पेट घेणारा गॅस आहे, म्हणून तेवढा वेळ देवघरातली समई विझवायला लावली आणि दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या. शेवटी एसीत शिरणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजून दाखवलं: २८ आत, १५ बाहेर.

या सगळ्याचे ३,२०० रुपये झाले. महाग वाटत असेल तर आधीचे ५,३०० त्याच्या शेजारी लिहून बघा.

जाता जाता त्यांनी फिल्टर ओढून काढला आणि मला वरच्या खोलीकडं बोट दाखवलं. फिल्टरवर खाकी-मरून रंगाचा तंतूंचा थर बसला होता, आमच्या ओव्हरलॉकचा भुगा. जिन्यातून खाली येतो आणि एसी तो ओढून घेतो. गॅलरीतल्या आउटडोअर युनिटच्या जाळीवरही तोच थर. कापडाचं काम घरात असेल तर फिल्टर महिन्यानं धुवून चालत नाही. मी आता दर रविवारी नळाखाली धरते, पाच मिनिटांचं काम आहे, आणि जिन्याला पडदा लावलाय. एसी २६ वर आणि पंखा एकवर, सासूबाईंना तेवढंच सोसतं. नवे एसी आता चालू केल्यावर आपोआप २४ वर येतात, सरकारनं २०२० पासून तसा नियम केलाय. पण पलंगावरच्या माणसाला २४ देखील गार पडतं, पायांवर पांघरूण घालावं लागतं.

आता वरची खोली. माझ्या मनात तिथंही एसी घ्यायचा होता, दोन टनी. दुकानात बघूनही आले होते. मामांना विचारलं तर ते वर आले, छताला तळहात लावला आणि तसेच उभे राहिले. मग खिशातून लेझरचं थर्मामीटर काढून छताकडं धरलं. रात्रीचे आठ वाजले होते आणि छत दाखवत होतं ४१. "दिवसभर तापतंय आन् रातभर तुमच्यावर ओततंय," म्हणाले. "दोन टनी लावा की तीन टनी, ही शेगडी पेटती ठिवून गार कोण करणार? पैला वर पांढरं करा."

हातात आलेलं गिऱ्हाईक त्यांनी असं स्वतःहून सोडलं. एसी बसवण्याचे पैसे त्यांनाच मिळाले असते.

गच्ची झाडून, धुवून, आम्ही तिघी-चौघींनी मिळून पांढऱ्या रंगाचे दोन हात मारले, ऊन परतवणारा रंग मिळतो तो. पैसे नसतील तर चुन्याचा हात मारला तरी फरक पडतो, फक्त पाऊस झाला की तो दरवर्षी नव्यानं मारावा लागतो. आठवड्यानं मामा दुसऱ्या कामाला गल्लीत आले होते, त्यांना वर बोलावून परत तेवढ्याच वाजता मोजलं: ३६. पाच अंश म्हणजे काय हे आकड्यावरून कळत नाही. आधी रात्री छताखाली उभं राहिलं की डोक्यावर तवा धरल्यासारखं व्हायचं, ते थांबलं.

उरलेलं काम कूलरनं केलं. तो माझ्या सासऱ्यांनी घेतलेला लोखंडी डेझर्ट कूलर. गेली दोन वर्षं त्याला हात लावला की मुंग्या यायच्या. आम्ही चप्पल घालून चालू करायचो आणि त्यावरच भागवायचो. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी प्लगच उपटला. पंपाच्या वायरचं आवरण तडकून तांबं पाण्यापर्यंत पोचलेलं, आणि प्लगचा टॉप दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगच नाही. त्यांनी पंप आणि वायर बदलली, तीन पिनांचा टॉप लावला, बोर्डाचं अर्थिंग दिव्यानं तपासलं आणि मीटरजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवायला लावला. विजेनं जरा जरी चुकीची वाट धरली तरी तो क्षणात लाईन तोडतो. लोखंडी कूलरला मुंग्या येत असतील तर हे वाचून झाल्यावर आधी जाऊन तो बंद करा. ओल्या हातानं, ओल्या फरशीवर उभं राहून माणसं यातच जातात.

मोटारीचे बुश बदलले. जाळीतलं गवत काढून नवं भरलं. मी हनीकोंबचं विचारलं होतं, गवताऐवजी भोकाभोकांच्या जाळ्या लावतात ते. मामांचं मत असं की आपल्याकडं बोअरचं क्षाराचं पाणी कूलरमध्ये घालावं लागतं, हनीकोंबच्या भोकांत पांढरा थर धरतो आणि एका हंगामात हवा अडते, गवत स्वस्त आहे आणि दरवर्षी फेकता येतं. माझ्या बहिणीकडं जुळे सोलापूर भागात हनीकोंब आहे आणि ती दर पंधरवड्याला धुते, तिचं तीन वर्षं चाललंय. मला हंगामात तेवढी सवड नाही, माझ्यासाठी गवतच बरं.

सगळ्यात मोठा फरक पडला तो कूलरची जागा बदलल्यानं. आम्ही कूलर खोलीत कोपऱ्यात ठेवून दारं-खिडक्या घट्ट लावून बसायचो. त्यामुळं तीच दमट हवा फिरत राहायची, अंग चिकचिक करायचं आणि कॉलर ताठ ठेवणारं बक्रमसुद्धा मऊ पडायचं. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, त्याला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला आणि ओली झालेली हवा बाहेर सोडायला वाट लागते. मामांनी तो पूर्वेच्या खिडकीत बाहेरून स्टँडवर बसवला आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायला सांगितली. सोलापूरची मेमधली हवा इतकी कोरडी असते की त्या खोलीत दुपारी दोनला आम्ही इस्त्री चालू ठेवूनही बसू शकलो. रोहिणी संपून मृग निघाला की मात्र हा खेळ संपतो. हवेत ओल आली की कूलर नुसता पंखा.

पाण्याचं काय, असं तुम्ही विचारालच. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांआड येतो आणि दिवसभर चालला तर कूलर तीन-चार बादल्या पितो. त्यावर मामांनी एक सोय सांगितली, एसीच्या ड्रेनचा पाइप बादलीत सोडा. ते पाणी हवेतली वाफ जमून झालेलं, त्यात क्षार नसतात. मेमध्ये हवा कोरडी, त्यामुळं रात्रभरात अर्धी बादलीच भरते, पण तेवढी तरी कूलरला बिनक्षाराची मिळते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण उपसून पुसायची, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. साचलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूचे डास वाढतात आणि आमच्या गल्लीत त्याचा भोग भोगून झालाय.

कूलरच्या सगळ्या कामाचे १,८५० झाले, आरसीसीबी वेगळा. दिवाळीत गिझरचंही त्यांच्याकडूनच केलं. आतला मॅग्नेशियमचा दांडा खाऊन खाऊन तारेएवढा उरला होता, कॉइलवर चुन्याचं कवच. दोन्ही बदलले, टाकी वाचली.

आता उणं काय ते. फोन उचलत नाहीत, हे वर आलंच. छापील बिल देत नाहीत, वहीच्या कागदावर लिहून देतात. ज्यांना दुकानासाठी जीएसटीचं बिल लागतं त्यांची अडचण होईल. इन्व्हर्टर एसीचं कार्ड, म्हणजे आतलं सर्किट, गेलं असेल तर ते हात लावत नाहीत, कंपनीकडं पाठवतात, आणि तसं तोंडावर सांगतात. आणि आमच्याकडं एक नुकसान झालं. पोरानं इनडोअर युनिट जेट पंपानं धुताना प्लॅस्टिकची झोळी नीट बांधली नाही, काळं पाणी खाली ठेवलेल्या मरून ट्युनिकच्या गठ्ठ्यावर सांडलं. अकरा नग डागले. मामांनी वाद घातला नाही, ३०० रुपये बिलातून कापले, पोराला माझ्यासमोर रागावले नाहीत, बाहेर नेऊन बोलले. डाग दोन धुण्यांत निघाले. पण चूक माझीही, मी माल आधी हलवायला हवा होता. तुम्ही हलवा.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून ओळखीतले दोघे-तिघे जुना एसी टाकून नवा घ्यायला निघालेत. दुरुस्तीपलीकडं गेला असेल तर जरूर घ्या. पण "दरवर्षी गॅस जातो" एवढ्याच कारणानं टाकत असाल तर आधी तो साबणाचा फेस लावून बघा.

मामांनी फोन नंबर कुठं टाकू नका म्हणून सांगितलंय, आहे तेवढंच काम आवरत नाही म्हणाले. सकाळी नऊ ते अकरा दुकानात असतात, नंतर कामावर. कन्ना चौकात कुणालाही कूलरवाले मामा म्हणून विचारा. जाताना आउटडोअर युनिटच्या पाटीचा फोटो मोबाइलवर काढून न्या आणि गॅस शेवटचा कधी भरला ती तारीख लक्षात ठेवा, पहिलं तेच विचारतात. आणि जमलं तर आत्ताच जा, अक्षय्य तृतीयेनंतर रांग लागते.